सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेलं नोझल

ट्रकचा सायलेन्सर कशासाठी असतो, असं विचारलं तर कुणीही सांगेल, इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा मानक लागू झालं आणि नव्या डिझेल ट्रकपुरतं हे उत्तर अपुरं पडू लागलं. त्या जागी आता धूर स्वच्छ करणारा एक छोटा कारखानाच बसवलेला असतो आणि काही इंजिनांवर त्याच्या तोंडाशी एक लहानसं नोझल असतं. घाटकोपर-भांडुपच्या गॅरेजांत डिझेल पंप आणि नोझलची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. श्रोतेहो, आज मी याच नोझलबद्दल बोलणार आहे, कारण त्याचा संबंध ट्रकमालकाच्या खिशाशी आहे, तसाच रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांशीही आहे.

इंजिनातून निघालेला धूर आधी एका उत्प्रेरकातून जातो. पुढे सिरॅमिकची गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. तिच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींवर काजळी अडकते. त्यापुढे युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात केलं जातं.

आता अडकलेल्या काजळीचं करायचं काय? ती जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि एरवी धूर इतका गरम नसतो. म्हणून हे नोझल उत्प्रेरकाच्या अलीकडे, थेट धुरात डिझेल फवारतं. उत्प्रेरकावर ते डिझेल ज्योतीशिवाय जळतं, धूर तापतो आणि काजळी जळून जाते. गॅरेजमध्ये याला ‘रिजन’ म्हणतात. काही इंजिनांत वेगळं नोझल नसतं, तिथं सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात.

हे सगळं शक्य झालं ते डिझेलमधलं गंधक घटल्यामुळे. बीएस-तीनच्या डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-चारमध्ये ५० आणि आता १०. गंधक जास्त असेल तर उत्प्रेरक निकामी होतो.

भरलेला ट्रक महामार्गावर धावत असला की धूर गरम राहतो आणि रिजन सुरळीत होतं. पण पाण्याचा टँकर किंवा काँक्रीटचा मिक्सर मुलुंडहून घाटकोपरकडे लाल बहादूर शास्त्री मार्गावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत निघाला, की उत्प्रेरक पुरेसा तापतच नाही. कधी रिजन चालू असतानाच चालक इंजिन बंद करतो. नोझलच्या टोकाशी राहिलेले डिझेलचे थेंब उष्णतेनं भाजून त्यांचा कोळसा होतो. मग फवाऱ्याऐवजी नुसती धार पडते, उष्णता कमी पडते, गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच नोझल काढावं. साचलेला कोळसा कंपनीनं सांगितलेल्या द्रावणानं सोडवावा. भोकात तार किंवा सुई घालू नये, कारण भोकाचा आकार बदलला की फवारा बिघडतो. गॅस्केट नवंच बसवावं, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळावेत आणि डिझेलची नळी कुठं पाझरत नाही ना, हे पाहावं. तापलेल्या पाइपवर डिझेल पडलं तर आग लागू शकते. मग स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजन करून पाहावं. ते करताना टेलपाइपजवळ सुकं गवत, चिंध्या किंवा माणूस नसावा.

मात्र नोझल साफ केलं म्हणजे काम संपलं, असं नाही. टोक तेलकट दिसलं तर टर्बोच्या सीलमधून ऑइल येतं का, ते तपासावं. काजळी फार येत असेल तर इंजिनाची मुख्य नोझलं आणि एअर फिल्टर पाहावा. मूळ कारण तसंच राहिलं, तर तीच गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा दारात उभी राहते.

अशा वेळी एक सोपा उपाय सुचवणारे भेटतात: गाळणी फोडून काढा आणि गाडीच्या संगणकाला फसवा. गाडी पळते, दिवाही विझतो. पण ही तडजोड बेकायदा आहे आणि गाळणीत अडकायची ती काजळी रस्त्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. ती काजळी सर्वांत आधी त्याच रस्त्यावरच्या चालकाच्या, क्लीनरच्या आणि मिस्त्रीच्या छातीत जाते.

म्हणून चालकांना माझं सांगणं एवढंच, की रिजन सुरू झालं तर ते पुरं होऊ द्या. दिवा लागला की त्याच आठवड्यात गाडी दाखवा. आणि मालकांनी त्यासाठी चालकाला तेवढा वेळ द्यावा. अर्ध्या तासाची खोटी परवडते, तुंबलेली गाळणी परवडत नाही.