लसीकार्बुद आणि विषाणू

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा आहे. मान, काख व जांघ येथे असलेल्या लसीका-ग्रंथी रोगजंतूंशी झगडू लागल्या की अशा सुजतात. या ग्रंथींतील पांढऱ्या पेशी शत्रूची चाहूल लागताच झपाट्याने विभागू लागतात आणि शत्रू नाहीसा झाला की थांबतात. थांबण्याची ही शिस्त सुटली म्हणजे जो कर्करोग उद्भवतो, त्यास लसीकार्बुद अथवा लिम्फोमा असे म्हणतात.

या शिस्तभंगामागे विषाणूचा हात असू शकतो, हे प्रथम ध्यानात आले ते आफ्रिकेत. युगांडातील कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक काम करीत असत. १९५७ साली त्यांच्यापुढे जबड्याला विलक्षण गाठी आलेले एक मूल आणण्यात आले. तशी मुले पुढे आणखी आढळली. बर्किट यांनी रुग्णालयांना पत्रे पाठवून व पुढे जुन्या मोटारीतून हजारो मैल हिंडून रोगाचा नकाशा तयार केला. जेथे पाऊस भरपूर आणि हवा उष्ण, नेमका तेथेच हा रोग होता. २२ मार्च १९६१ रोजी लंडनमध्ये त्यांनी दिलेले व्याख्यान ऐकावयास अँथनी एपस्टाइन हे संशोधक उपस्थित होते. कोंबड्यांमध्ये कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूचा त्यांचा अभ्यास असल्यामुळे या अर्बुदामागेही विषाणूच असावा, अशी शंका त्यांना तत्काळ आली.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षे मात्र अपयशाची गेली. १९६३ च्या अखेरीस कंपालाहून निघालेला एक नमुना दाट धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळविल्याने उशिरा पोहोचला. द्रव गढूळ दिसत होता. सामान्यतः तो जंतुदूषित समजून फेकून दिला गेला असता. एपस्टाइन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो त्यात अर्बुदाच्या जिवंत पेशी सुट्या तरंगत होत्या. त्यांची वाढ प्रयोगशाळेत करता आली आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांत नागीण व कांजिण्या यांच्या कुळातील एक नवा विषाणू दाखविला. एपस्टाइन व त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नावाने तो ओळखला जातो. तिसरे सहकारी बर्ट अचॉंग यांचे नाव मात्र त्यात आले नाही.

विषाणू सापडला, पण कोडे सुटले नाही. जगातील दहांपैकी नऊ प्रौढांच्या शरीरात हा विषाणू वास करून असतो. बहुधा बालपणीच तो लाळेवाटे येतो आणि जन्मभर राहतो. मग अर्बुद इतक्या थोड्यांनाच का व्हावे? आफ्रिकेपुरते याचे उत्तर हिवतापात सापडते. वारंवार येणारा हिवताप लसीका-पेशींना सतत विभागावयास लावतो व विषाणूवरील शरीराची पाळतही सैल करतो. या धांदलीत एखाद्या पेशीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून चौदाव्यास जोडला जातो आणि विभाजनाचा हुकूम देणारे जनुक कायमचे जागे राहते. तेव्हा विषाणूस एकटा गुन्हेगार म्हणण्यापेक्षा साथीदार म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हॉजकिन लसीकार्बुदाच्या ग्रंथी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य ग्रंथींत हाच विषाणू आढळला.

हा विषाणू शरीरातून हुसकावता येत नाही. यकृतदाह उत्पन्न करणाऱ्या ‘सी’ विषाणूची गोष्ट निराळी आहे. तो पेशीच्या जनुकांत शिरत नाही. वर्षानुवर्षे रक्तात राहून लसीका-पेशींना डिवचत राहतो. फ्रान्समधील वैद्यांनी २००२ साली प्लीहेच्या एका मंदगती लसीकार्बुदाच्या, ‘सी’ विषाणूही असलेल्या नऊ रुग्णांना कर्करोगाचे नव्हे, तर विषाणूवरील औषध इंटरफेरॉन दिले. रक्तातून विषाणू नाहीसा झाल्यावर सात जणांत अर्बुदाचा मागमूस उरला नाही. एकाच्या रक्तात विषाणू परतला, तसे अर्बुदही परतले. विषाणू नसलेल्या सहा रुग्णांवर त्याच औषधाचा काहीच परिणाम झाला नाही.

भारतात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे ते पंजाबात. निर्जंतुक न केलेल्या सुया व दूषित रक्त यांमुळे तेथे ‘सी’ यकृतदाहाचा प्रसार मोठा आहे. २०१६ साली त्या राज्याने तोंडावाटे घ्यावयाची नवी औषधे मोफत देण्यास आरंभ केला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना मार्गदर्शन केले. पहिल्या सुमारे ४८ हजार रुग्णांत औषधाने बरे होण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. २०१८ पासून ही औषधे देशभर सरकारी योजनेतून मिळू लागली.

ही मोहीम यकृतासाठी होती. लसीकार्बुदाचा विचार तिच्या मुळाशी नव्हता. तथापि मंदगती लसीकार्बुद झालेल्या रुग्णाच्या रक्तात ‘सी’ विषाणू आढळला, तर आधी विषाणूवर उपचार करून पाहता येतो आणि कित्येकदा जहाल औषधांची वेळ टळते. वेगाने पसरणाऱ्या प्रकारांत मात्र वाट पाहणे धोक्याचे. तेथे कर्करोगावरील उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत. त्यांच्या आरंभी ‘बी’ यकृतदाहाचीही तपासणी करावी लागते, कारण काही औषधांनी प्रतिकारशक्ती मंदावताच तो सुप्त विषाणू पुन्हा उसळतो.