सत्तावीस नक्षत्रे, सत्तावीस झाडे आणि एक रान

आमच्या कुरुंद्यात पाऊस नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. रोहिणी बरसल्या, मृगाने दगा दिला, असे शेतकरी सहज बोलून जातो. या नक्षत्रांना झाडेही नेमून दिलेली आहेत, हे मला मात्र पुष्कळ उशिरा कळले. आणि कळले ते मुंबईत, धारावीच्या शेजारी.

तेथे मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जागा सुमारे 37 एकर. 1977 पर्यंत शहराचा कचरा येथे टाकला जाई. 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले, 1991 मध्ये जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्यावर वाढलेल्या या रानात शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. त्याच रानाच्या पोटात राशी-नक्षत्रांच्या झाडांची बाग आहे. रान मोठे आणि बाग लहान, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंपरेने प्रत्येक नक्षत्राला एक आराध्यवृक्ष दिला. कृत्तिकेचा उंबर, रोहिणीची जांभूळ, मृगाचा खैर, पुष्याचा पिंपळ, मघेचा वड, पूर्वेचा पळस, श्रवणाची रुई, धनिष्ठेची शमी, रेवतीचा मोह. ग्रंथागणिक यादीत थोडा फरक पडतो. फलज्योतिष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते : ही देशी वनस्पतींची तोंडपाठ राहणारी यादी आहे. तीत गुलमोहर नाही, सुबाभूळ नाही, निलगिरी नाही. हे वृक्ष परदेशातून आले, त्याआधीची ही आठवण आहे.

पण यादी जशीच्या तशी उचलणे चुकीचे. नागकेशर, वेत, फणस, कृष्णागरू यांना दमट हवा लागते. आमच्या मुरमाड माळावर ती तगणार नाहीत. मी यादी समोर घेऊन बसलो, तेव्हा आवळा, उंबर, जांभूळ, खैर, वेळू, पिंपळ, वड, पळस, पायरी, बेल, अर्जुन, सावर, रुई, शमी, आंबा, कडुनिंब आणि मोह अशी सतरा नावे मराठवाड्यासाठी उरली. त्यांतही अर्जुन आणि जांभूळ ओढ्याकाठीच शोभतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. गावाबाहेरच्या माळावर आम्ही काही जणांनी प्रत्येक नक्षत्राचे एकेक रोप गोलाकार लावले, पाट्या रोवल्या, नारळ फोडला. तीन उन्हाळ्यांनंतर पाट्या उरल्या. पाण्याची हेळसांड झाली, हे खरेच; पण मूळ दोष वेगळा होता. एकेक झाड म्हणजे रान नव्हे. उंबराचेच पाहा. त्याचे परागण एक चिमुकली माशी करते. ती उंबराच्या फळातच जन्मते आणि बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील फळांचा दुसरा उंबर गाठावा लागतो. एकटा उंबर पूजेला पुरतो, माशीला पुरत नाही. रुईचेही तसेच. पूजेत तिचे पान मारुतीला वाहतात; रानात त्याच विषारी पानावर फुलपाखराची अळी वाढते आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून बचावते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की नक्षत्रांनी नावे सांगावीत आणि संख्या मातीने ठरवावी. एका पळसाऐवजी पन्नास पळस, मध्ये बोरी-बाभळी, खाली गवत. झाडांचे वेळापत्रकही नक्षत्रांशी जुळते. रोहिणीच्या सुमारास जांभूळ पिकू लागते आणि तिचे बी फार टिकत नाही. ते ताजेच पेरावे लागते. लिंबोळीचेही तेच. खैराचे बी मात्र हिवाळ्यात गोळा करून मृगापर्यंत ठेवता येते.

धारावीजवळ, देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एका तुकड्यावर, रान टिकले. त्यामागे कायद्याचा आधार होता. आमच्या गायरानांना तो आधार क्वचितच मिळतो आणि ती दरवर्षी चहूबाजूंनी आकसत जातात. गायरान गेल्यावर सत्तावीस नावे पाठ असून काय उपयोग? येत्या रोहिणीत ओढ्याकाठी जांभळाचे बी टाकायला मी जाणार आहे. या वेळी पाटी नेणार नाही.