एव्हरेस्ट बेस कॅम्पची सॅक भरताना

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. नेपाळमधला एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. त्यामुळे सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्यांनाही तिथे श्वास अपुरा पडतो. दमसास वाढवायला दोन-तीन महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढा. विरळ हवेची सवय मात्र वर गेल्यावरच होते, आणि सावकाश होते. म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. नामचे बाजारला, ३४४० मीटरवर, एक दिवस जास्त राहायचं ते याचसाठी.

सामानात सगळ्यात महत्त्वाचे बूट. ते नवे कोरे नेऊ नका. टाचेला आलेला एक फोड अख्खा ट्रेक वाया घालवतो. सुती बनियन घरीच ठेवा. घामाने भिजलं की सुती कापड लवकर वाळत नाही, गारठून अंगाला चिकटून बसतं. आत पटकन वाळणारा टी-शर्ट, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. मुक्कामाच्या थंडीसाठी डाउन जॅकेट वेगळं. मोबाइल आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ घ्या, थंडीत त्या लवकर उतरतात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर असेल तर पुढे चढू नका, सोबत्यांपासून लपवूही नका. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरा.