इनस्क्रिप्ट : वर्डचा पहिला धडा

वर्डची शिकवणी बहुतेक ठिकाणी अक्षर ठळक, तिरपे आणि अधोरेखित करण्यापासून सुरू होते. मग तक्ता, मग चित्र, मग प्रिंट. एवढे शिकलेला माणूस सोसायटीच्या सभेची सूचना मराठीत लिहायची म्हटली की अडतो, कारण सजवायचे ते अक्षर उमटवायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते. हा क्रम बदलायला हवा. पहिला धडा आपल्या लिपीच्या कळफलकाचा असावा, आणि त्यासाठी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्ट ही मांडणी मला आजही सर्वांत योग्य वाटते. विंडोजमध्ये ती आयतीच असते. वेगळे पैसे पडत नाहीत.

या मांडणीत डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजने. क, ग, त, द नुसत्या बटणावर; शिफ्ट दाबला की त्याच बटणांवर ख, घ, थ, ध. बाराखडी येणाऱ्याला निम्मा कळफलक आधीच पाठ असतो. ‘विद्यार्थी’ लिहून पाहा : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. जुन्या मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण ती कागदावर आधी दिसते. इथे उच्चाराचा क्रम चालतो आणि युनिकोडमध्ये मजकूर त्याच क्रमाने साठतो. म्हणून तो शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो, दुसऱ्या संगणकावरही तसाच उघडतो. श्रीलिपी, आकृती या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यांतला मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे सोपे नाही का? सुरुवातीला नक्कीच सोपे आहे, आणि चार ओळींचा निरोप पाठवणाऱ्या आजोबांना मी तेच सुचवीन. पण न की ण, ल की ळ, शि की शी हे तिथे पुष्कळदा सुचवलेल्या यादीतून निवडावे लागते. नजर मजकुरावरून उठते आणि शुद्धलेखन यंत्राच्या हवाली होते. बोलून लिहिण्याची सोय कच्च्या खर्ड्याला उत्तम, मात्र खर्डा दुरुस्त करायला शेवटी बोटेच लागतात.

महाराष्ट्राबाहेर या मांडणीचे मोल आणखी वाढते. बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंक्यात रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे. तिथे नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबात वाढणाऱ्या मराठी मुलाला घरी देवनागरी, शाळेत कन्नड. इनस्क्रिप्ट भारतीय लिप्यांना समान असल्याने मराठी क ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नड क. कर्नाटकात के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेला कळफलक रूढ आहे आणि कन्नड गणक परिषदेच्या ‘नुडी’ या सॉफ्टवेअरने तो घरोघरी नेला, हे खरे. तिथे सरकारी कचेरीत काम करायचे असेल तर तोच शिकावा. परंतु ज्याला दोन्ही भाषांत लिहायचे आहे, त्याच्या बोटांना इनस्क्रिप्टवर एकच सवय पुरते : ल वर शिफ्ट दाबला की मराठीतही ळ येतो आणि कन्नडमध्येही.