तीस विरुद्ध तीन

बेसबॉलचा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली माणसं आपल्याकडे फार नसतील. बत्तिसाव्या वर्षापर्यंत मीही पाहिला नव्हता. २००४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने मला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात पाठवलं, तेव्हा या खेळाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्यात चेंडू टप्पा न पडता येतो आणि फलंदाज बॅट फेकून पळतो. पुढच्या सहा वर्षांत मला दोन गोष्टींचा नाद लागला. एक, त्या शहराचा सतत हरणारा बेसबॉल संघ. दुसरी, त्याच शहरावरची एक दूरदर्शन मालिका, जी तेव्हा फारसं कुणी पाहत नव्हतं. या दोन्ही गोष्टींनी मला काय दिलं, ते आज सांगायचं आहे. त्यात माझे वडीलही येतील, कारण त्यांच्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

पहिलं वर्ष मी एकटाच होतो. पत्नी नोकरी सोडून यायची होती, तिला वर्ष लागलं. बाल्टिमोरमध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगाच रांगा आहेत आणि कित्येक घरांच्या दाराशी पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी लोक त्या पायऱ्यांवर येऊन बसतात, आपल्या चाळीत गॅलरीत बसायचे तसे. शेजारच्या आजी रोज बसायच्या, बाजूला रेडिओ लावून. त्या शहरातल्या रीतीप्रमाणे त्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना ‘हन’ म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडचं ‘बाळा’ किंवा ‘राजा’ समजा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी विचारलं, ‘कोण जिंकतंय?’ त्या म्हणाल्या, ‘आपण नाही, हन.’ त्या ‘आपण’मध्ये त्यांनी मला धरलं होतं. परक्या गावात आठवडाभरात कुणी आपल्याला ‘आपण’ म्हणावं, याचं मोल एकट्या माणसालाच कळतं. मी पायरीवर बसलो, तो बसलोच.

संघाचं नाव ओरिओल्स. ओरिओल म्हणजे एक पक्षी. आपल्या हळद्यालाही इंग्रजीत ओरिओल म्हणतात, पण बाल्टिमोरचा हा केशरी-काळा पक्षी त्याचा सख्खा नव्हे, निराळ्याच कुळातला. हा संघ १९५४ मध्ये सेंट लुईसहून बाल्टिमोरला आला आणि १९६६, १९७० आणि १९८३ अशी तीनदा त्याने ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली. याच संघातला कॅल रिपकन एकही सामना न चुकवता लागोपाठ २,६३२ सामने खेळला. १९९७ मध्ये संघाने ९८ सामने जिंकले, आणि मग घसरण लागली. १९९८ ते २०११ अशी सलग चौदा वर्षं या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. मी गेलो ते या चौदातलं सातवं वर्ष.

इथे बेसबॉलचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. एका हंगामात एक संघ १६२ सामने खेळतो, सहा महिन्यांत, म्हणजे जवळजवळ रोज. उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतो आणि रडका संघही साठ-सत्तर जिंकतो. त्यामुळे इथली हार ही विश्वचषकातल्या हारेसारखी चार वर्षं उरात बोचणारी नसते. ती पावसासारखी असते. आज पडला, उद्या पुन्हा पडेल, छत्री घेऊन कामाला जायचं. शिवाय युरोपातल्या फुटबॉलसारखं तळाच्या संघाला खालच्या गटात ढकलण्याची पद्धत तिथे नाही. कितीही हरा, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत उभे. आणि ओरिओल्सचा गट कोणता? ज्यात न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स. खेळाडूंच्या पगारावर तिथे पक्की मर्यादा नाही, म्हणजे ज्याची तिजोरी मोठी त्याचा संघ भारी. त्या काळात गटातल्या प्रत्येक संघाशी वर्षाला अठरा-एकोणीस वेळा गाठ पडायची. न्यूयॉर्क आणि बोस्टनचे चाहते गाड्या भरभरून यायचे आणि आमच्याच मैदानात आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे.

मैदान मात्र देखणं. कॅम्डेन यार्ड्स, १९९२ मध्ये उघडलेलं. उजवीकडे रेल्वेचं जुनं, लांबच लांब विटांचं गोदाम आहे, ते न पाडता त्यांनी मैदानाचाच भाग करून घेतलं. पुढे अमेरिकेत अनेक शहरांनी तशा जुन्या धर्तीची मैदानं बांधली. १९९७ मध्ये तिथे वर्षभरात ३७ लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते. २०१० मध्ये ते १७ लाखांच्या आसपास उतरले. लोक चिडलेही होते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये मालकांवर रागावलेले शेकडो चाहते काळे सदरे घालून आले आणि सामना चालू असताना ५ वाजून ८ मिनिटांनी उठून चालते झाले. ५ हा ब्रूक्स रॉबिन्सनचा क्रमांक, ८ रिपकनचा. निषेध करतानाही त्यांनी आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण ठेवली, हे मला आवडलं.

आता मालिकेकडे येतो. तिचं नाव ‘द वायर’. वायर म्हणजे पोलिसांनी चोरून ऐकण्यासाठी टेलिफोनला लावलेली तार. एचबीओ या वाहिनीवर ती २००२ ते २००८ या काळात पाच भागांत आली, एकूण साठ प्रकरणं. लिहिणारा डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राचा जुना गुन्हे-बातमीदार. त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी त्याच शहराच्या पोलीस खात्यात होता आणि निवृत्तीनंतर तिथल्याच शाळेत मास्तर झाला. दोघांनीही शहर पायाखाली घातलेलं. पहिल्या भागात गल्लीतला अमली पदार्थांचा धंदा आणि त्यामागे लागलेले पोलीस, दुसऱ्यात बंदर, तिसऱ्यात राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. शहर कसं चालतं आणि का चालत नाही, याची ती चौकशीच होती म्हणा ना.

मग ती कुणी पाहिली का नाही? एक तर ती काहीच समजावून सांगत नाही. पहिल्याच प्रकरणात डझनावारी माणसं भेटतात आणि ती ज्या बोलीत बोलतात, ती अमेरिकेतल्या इतर लोकांनाही जड जाते. मी खाली अक्षरं लावून पाहायचो, तरी अडखळायचो. मागच्या तीन आठवड्यांची प्रकरणं चुकली तर चौथं कळायचं नाही. बहुतेक नट कृष्णवर्णीय, आणि त्यात कुणी मोठा तारा नाही. पुढे नावारूपाला आलेला इद्रिस एल्बा तेव्हा अमेरिकेत अनोळखीच होता. तिसऱ्या भागानंतर ती जवळजवळ बंदच होणार होती. टिकली याचं एक कारण असं की एचबीओ वर्गणीवर चालते, जाहिरातींवर नाही. जाहिरातवाल्यांच्या वाहिनीवर तिने एक वर्षसुद्धा काढलं नसतं, असं माझं मत आहे. दूरदर्शनचे सर्वांत मानाचे एमी पुरस्कार घ्या. साठ प्रकरणांना मिळून फक्त दोन नामांकनं, दोन्ही लेखनासाठी, आणि पुरस्कार एकही नाही. ओरिओल्सच शोभते ती!

मी ती पाहिली ती शहराच्या मोफत वाचनालयातून आणलेल्या डीव्हीडींवर. पहिलाच प्रसंग मनात रुतून बसला. एका पोराचा खून झालेला आहे. त्याचा सोबती पोलिसाला सांगतो की हा दर शुक्रवारी आमच्यात फासे खेळायला यायचा आणि डावावरचे पैसे उचलून पळायचा. आम्ही पकडून मार द्यायचो, पुढच्या शुक्रवारी हा पुन्हा हजर. पोलीस विचारतो, मग त्याला खेळायला घेत का होता? तो पोरगा म्हणतो, घ्यावंच लागतं, हा अमेरिका देश आहे. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी कॅम्डेन यार्ड्सच्या फाटकातून आत जाताना मला हा प्रसंग आठवायचा.

गंमत म्हणजे खुद्द बाल्टिमोरमध्ये मालिकेबद्दल कुरकुर होती. तेव्हाचे महापौर मार्टिन ओमॅली यांना ती आवडली नव्हती, हे जगजाहीर होतं. दुसरीकडे माजी महापौर कर्ट श्मोक यांनी तिच्यात छोटी भूमिका केली. बर्न्सने १९८४ मध्ये फोनवर पाळत ठेवून ज्याला पकडलं, तो मेल्विन विल्यम्स शिक्षा भोगून आल्यावर तिच्यात चर्चमधल्या सज्जन कार्यकर्त्याच्या भूमिकेत दिसतो. मी उत्साहाने शेजारच्या आजींना डीव्हीडी द्यायला गेलो, तर त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाल्या, ‘कोपऱ्यावर जे रोज दिसतं, ते पाहायला मी दिवा का जाळू, हन?’ यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. बाहेरून आलेल्याला जी कलाकृती वाटते, ती तिथे राहणाऱ्याला चव्हाट्यावर मांडलेलं आपलं घर वाटू शकते.

२००७ च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. आई आधीच गेली होती. बाबा लालबागच्या चाळीत वाढलेले, गिरणीत साचेखात्यात कामाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं गिरणगावात आजही म्हणतात. बाबांनी नंतर वीस वर्षं वॉचमनची नोकरी केली आणि त्या दिवसांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

एका रात्री मी ‘द वायर’चा दुसरा भाग लावून बसलो होतो. बाबांना इंग्रजी जेमतेम. पडद्यावर बंदर होतं, रिकामे धक्के, दारूच्या गुत्त्यात बसलेले काम नसलेले हमाल, आणि त्यांचा पुढारी फ्रँक सोबोत्का. बाबा मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, ‘हा युनियनचा ना?’ मी हो म्हटलं. ‘कामं गेली यांची?’ हो. फ्रँक बंदर चालू राहावं म्हणून पुढाऱ्यांना पैसे चारतो आणि ते पैसे मिळवण्यासाठी चोरट्या मालाकडे डोळेझाक करतो, हे मी सांगितलं. आणि जुन्या धान्याच्या धक्क्यावर श्रीमंतांसाठी घरं बांधायचा घाट घातलाय, हेही सांगितलं. बाबा खुर्ची ओढून बसले. त्या आठवड्यात आम्ही बाराही प्रकरणं पाहिली. शेवटची रात्र संपल्यावर ते पहिल्यांदा संपाबद्दल बोलले. कुणाकडून किती उसने घेतले, आईने कोणती बांगडी केव्हा विकली, कोणता सोबती गावी गेला तो परत आलाच नाही. पहाटेचे तीन वाजले. मी पस्तीस वर्षांचा होतो आणि हे पहिल्यांदा ऐकत होतो.

बेसबॉल मात्र त्यांना शेजारच्या आजींनी शिकवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजींनी त्यांना धावफलक भरायला शिकवलं. त्याचा छापील कागद असतो, प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक डावात एक चौकट, आणि तो कसा बाद झाला किंवा कसा घरी पोचला हे खुणांनी लिहायचं. वीस वर्षं हजेरीवही सांभाळलेल्या माणसाला हे काम फार आवडलं.

२२ ऑगस्ट २००७, बुधवार. आदल्या दिवशीचा सामना पावसात गेल्याने एका तिकिटात दोन सामने. समोर टेक्सास रेंजर्स. त्याच दिवशी संघाने आपल्या व्यवस्थापकाला पुढच्या वर्षीही ठेवत असल्याचं जाहीर केलं होतं. तीन डावांनंतर आम्ही ३-० ने पुढे होतो! चौथ्या डावात टेक्सासने पाच धावा केल्या. सहाव्यात नऊ. आठव्यात दहा. नवव्यात आणखी सहा. ३० विरुद्ध ३. १८९७ नंतर अमेरिकेच्या वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये एका संघाने एका सामन्यात तीस धावा केल्या नव्हत्या. वर आणखी एक चेष्टा. शेवटचे तीन डाव टाकणाऱ्या टेक्सासच्या गोलंदाजाच्या नावावर ‘सेव्ह’ लागला, म्हणजे त्याने सामना वाचवला. नियमच तसा आहे, तीन डाव टाकून सामना संपवला की आघाडी सत्तावीस धावांची असली तरी श्रेय मिळतं.

सहाव्या डावातच लोक उठू लागले. मीही म्हटलं, ‘बाबा, चला.’ ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, ‘अरे, पोरं अजून उभी आहेत ना मैदानात? बस.’ आम्ही बसलो. नंतर दुसराही सामना पाहिला. तोही ९-७ ने गेला.

बाबा ऑक्टोबरात परत गेले, आम्ही २०१० मध्ये पुण्याला आलो. २८ सप्टेंबर २०११ च्या रात्री, चौदाव्या वाईट हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात, ९३ पराभव झालेल्या ओरिओल्सने शेवटच्या क्षणी बोस्टनला ४-३ असं हरवलं आणि त्यांचं पुढच्या फेरीचं स्वप्न मोडलं. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी कार्यालयात ओरडलो, शिपाई धावत आला. पुढच्या वर्षी संघाने ९३ सामने जिंकले. मी बाबांना फोन केला, ते ‘बरं झालं’ म्हणाले आणि त्यानंतर चौकशीच बंद. २०१८ मध्ये संघ ११५ सामने हरला, तेव्हा मात्र बाबा दर रविवारी विचारायचे, ‘आता किती झाले रे?’

‘द वायर’चं पुढे भलं झालं. बंद पडल्यावर ती लोकांनी पाहिली, विद्यापीठांत शिकवली गेली, २०२१ मध्ये बीबीसीने जगभरातल्या जाणकारांचा कौल घेतला, त्यात या शतकातली सर्वोत्तम मालिका ठरली. मला आनंद झाला आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. ओरिओल्सने २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले आणि पुढच्या फेरीत पहिल्याच मालिकेत तीनपैकी तिन्ही गमावले, समोर पुन्हा टेक्सासच. २०२५ मध्ये ७५ जिंकले, ८७ हरले. बाल्टिमोरला संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की इथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पत्नीने आता घड्याळाच्या गजराबद्दल बोलणं सोडून दिलं आहे.

बाबा २०१९ च्या पावसाळ्यात गेले. चाळीतली खोली आवरताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीचा बिल्ला सापडला, रेशनकार्ड, आईचा फोटो, आणि चार घड्या घातलेला तो धावफलक. आठव्या डावाच्या चौकटी पुरल्या नव्हत्या. उरलेल्या धावा त्यांनी समासात, बारीक मराठी अक्षरांत, एकेक करून लिहिल्या होत्या. एकही सोडली नव्हती.