गाडी लेव्हल करताना

नायगाव-नरसी-देगलूर रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना हे काम ओळखीचे आहे. मालासाठी बोलेरोच्या मागच्या कमानीत जादा पाटा टाकलेला असतो. मागची बाजू उचलते, पुढची खाली दिसते. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, पुढे पॅकिंग टाका."

आमचे म्हणणे, आधी टेप लावा. सपाट जागी, नेहमीचा माल भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा. रिकामी गाडी मागून थोडी उंच असणारच. माल भरल्यावर ती बसत असेल तर पॅकिंग कशाला?

टाकायचेच तर हिशेब असा : पुढची स्प्रिंग खालच्या आर्मच्या अधेमधे बसते, म्हणून अर्ध्या इंचाचे पॅकिंग गाडी अर्ध्या इंचाहून जास्त उचलते. एकावर एक पॅकिंग रचू नये. लाकडाचे तर मुळीच नको. चाक लोंबकळत ठेवून ब्रेकचा पाइप ताणतो का, बॉल जॉइंट अडतो का, हे पाहा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलास मनाई करते. हे मजुरी ठरवण्याआधीच सांगावे. ऐब लपवून माल विकणे जायज नाही, मग धोका लपवून काम कसे चालेल?

शेवटी अलाइनमेंट व हेडलाइट पुन्हा लावा, आणि आठवड्याने गाडी बोलावून नट कसा.