भट तित्तर बघायला जाताय? आधी गोचिडीचं बघा

मागच्या भागात म्हटलं होतं, पाऊस उघडला की पक्ष्यांवर बोलू. आज तेच आहे, पण अर्ध्याहून जास्त वेळ एका आठ पायांच्या प्राण्यावर जाणार आहे. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

मी जळगावचा. काम सॉफ्टवेअरचं, सध्या घरूनच. सप्टेंबर सरत आला, सातपुड्याच्या पायथ्याचं गवत पिवळं पडायला लागलं की माझं लॅपटॉपमध्ये मन लागत नाही. आजोबा याच दिवसांत तित्तराच्या शिकारीची तयारी करायचे. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती शिकार गुन्हा आहे, म्हणून मी कॅमेरा पुसत बसतो. वाट बघणं मात्र तेच!

मला ओढ भट तित्तराची. हा पक्षी जमिनीच्या रंगात असा मिसळतो की पायाजवळून उडेपर्यंत दिसत नाही. एक जात सकाळी थव्याने पाण्यावर येते, तर रंगीत भट तित्तर अंधार पडता पडता. काही जातींत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिल्लांपर्यंत नेतो. हे बघायचं तर पाणवठ्याजवळ गवतात गपचूप बसावं लागतं. आणि गोचीडही तिथेच बसलेली असते.

मागच्या वर्षी यावल अभयारण्याच्या कडेला, पालच्या बाजूला गेलो होतो. हाफ पँट, स्लीपर. दोन तास गवतात बसलो. रात्री आंघोळीला गेलो तर गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड. नखाने ओढली, फेकली, विसरलो. आठवड्याने ताप चढला, 103. डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. "व्हायरल असेल" म्हणत पाच दिवस गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तळहातावरचे लाल ठिपके बघितले आणि विचारलं, "गुरांत, जंगलात गेला होतास का?" गुडघ्यामागे काळी खपली निघाली. गोचीडताप! डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

चूक माझीच होती. ऑफिसात कोणी अर्धवट बग रिपोर्ट दिला की मी चिडतो. इथे मीच डॉक्टरांना सगळं सांगितलं, फक्त कामाची ओळ गाळली. आईने त्या पाच दिवसांत काय काढलं, ते तिलाच माहीत.

आता गोचीड काम कशी करते ते बघू. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून थांबते. त्या पायांवर एक संवेदक असतो. त्याने तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि वास कळतो. आपण घासून गेलो की ती चिकटते, मग वर सरकत मऊ जागा शोधते: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे. तोंडाला उलटे काटे असतात, म्हणून ओढली तरी सुटत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये ग्राउस पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम 12 ऑगस्टला सुरू होतो. तिथे गोचिडीतून पसरणारा एक विषाणू ग्राउसच्या पिल्लांनाच मारतो. आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली, तीही गोचिडीमुळेच. हा आजार पहिल्यांदा 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला होता. माझ्यावर गोळी चालली, पण माकडतापावर असं नेमकं औषध नाही.

मग करायचं काय? जाणं बंद करायचं नाही.

फुल पँट घाला, फिकट रंगाची, म्हणजे गोचीड चढताना दिसते. पँटचे पाय मोज्यात खोचा. पायांना डीट असलेलं मलम लावा. घरी आल्यावर लगेच आंघोळ आणि आरशात तपासणी. कपडे गरम पाण्यात. सोबत कुत्रा असेल तर त्याचे कानही बघा.

चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका. रॉकेल, पेटती काडी, व्हॅसलीन यातलं काही नको. त्यात वेळ जातो आणि ती जास्त लाळ सोडू शकते. नखाने चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच: "मला गोचीड चावली होती."

येत्या रविवारी मी धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणाकडे निघालोय. फुल पँट, मोजे, चिमटा, सगळं बॅगेत भरलंय. आईने स्वतः तपासलंय. भट तित्तर दिसला तर पुढच्या भागात सांगतोच. भेटू.